दोरी बांधलेला बाण

हैदराबादेत चारमिनारच्या उत्तरेला, गुलजार हौजाभोवती ज्या चार कमानी उभ्या आहेत, त्यांपैकी एकीला मछली कमान म्हणतात. फारसीत 'कमान' म्हणजे मुळात धनुष्य. त्याच्या वाकावरून दरवाजाच्या अर्धवर्तुळाला ते नाव मिळाले. मराठीने दुसरा अर्थ आपलासा केला आणि पहिला 'तीरकमान' या जोडशब्दात जपून ठेवला. मासा आणि धनुष्य हे दोन शब्द या शहराने चारशे वर्षांहून अधिक काळ असे शेजारी ठेवले आहेत. पण त्यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष काही व्यवहार असू शकेल, असा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. तो यायला कारण झाला एक अगदी साधा, बाजारहाटाचा म्हणावा असा प्रश्न.

आमच्या नात्यातील एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत, इलिनॉय राज्यात राहतो. त्याचे कुटुंब तीन पिढ्यांपासून हैदराबादचे. तिकडे नदीवर तिरकमठ्याने मासे मारण्याचा छंद आहे आणि मित्रांच्या नादाने त्यालाही तो लागू पाहत होता. आम्हांला गळाने मासे धरण्याचा जुना नाद आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याने दूरध्वनीवर विचारले, "काका, धनुष्य घेतलंय, आता त्याला रीळ कोणतं लावू? बाण परत तर आलाच पाहिजे ना!" प्रश्न विचारून तो मोकळा झाला. आम्ही मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशीच अडलो. सुटलेला बाण आणि तोंडून गेलेला शब्द परत येत नाही, हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. येथे तर परत आलाच पाहिजे असा बाण होता, आणि तो परत येणार होता तो एकटा नव्हे.

या छंदातले यंत्र आधी नीट समजून घेतले पाहिजे. साध्या बाणाला पिसे असतात, कारण त्याला लांब जायचे असते. मासे मारण्याचा बाण जड, भरीव आणि बहुधा बिनपिसांचा असतो. त्याला पाण्यात शिरायचे असते. टोकाला उलटे काटे असतात, म्हणजे एकदा रुतला की निसटू नये. बाणाला एक बळकट दोरी बांधलेली असते आणि त्या दोरीचे दुसरे टोक धनुष्याच्या पुढे बसविलेल्या रिळात असते. पतंगाच्या चरखाची कल्पना हैदराबादकरांना निराळी सांगायला नको. फरक इतकाच की चरखाची दोरी आकाशात जाते आणि येथली पाण्यात.

रिळाचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला म्हणजे नुसता एक गोल डबा किंवा कडे. त्यावर दोरी हाताने गुंडाळायची, बाण सुटला की ती आपोआप उलगडते, आणि मासा लागला की दोन्ही हातांनी दोरी ओढून घ्यायची. मग पुन्हा फेऱ्यावर फेरा घालीत ती कड्यावर बसवायची. यात बिघडण्यासारखे काही नसते, आणि ते स्वस्तही असते. दुसरा प्रकार बाटलीचा. एका उभ्या बाटलीत दोरी सैल पडलेली असते, बाणामागून ती विनासायास बाहेर जाते, आणि खटका दाबून हाताने चाक फिरवले की पुन्हा बाटलीत गोळा होते. तिसरा प्रकार गळाच्या काठीवर असते तशा बंद तोंडाच्या रिळाचा. ते सर्वांत झपाट्याने दोरी ओढते. पण त्याला एक बटण असते. बाण सोडण्यापूर्वी ते दाबून दोरी मोकळी करावी लागते. विसरले, तर दोरी जागच्या जागी अडते, आणि पूर्ण वेगाने सुटलेला बाण एक तर दोरी तोडून जातो किंवा ताणाने उलटून सोडणाऱ्याच्याच अंगावर येतो. पूर्वी दोरी बाणाच्या मागच्या टोकाला बांधीत. ती प्रत्यंचेत अडकून बाण उलटल्याने लोकांना गंभीर इजा झाल्या. म्हणून आता ती बाणाच्या पुढच्या अंगास, दांडीवरून सरकणाऱ्या एका लहानशा कड्याला बांधतात.

एवढे सांगून झाल्यावर कोणी म्हणेल की, यात विचार करण्यासारखे काय आहे? ज्याची ऐपत जशी, ज्याचा हात जसा, तसे रीळ घ्यावे. वस्तू निवडणे हा खरेदीचा प्रश्न आहे. नीतीचा प्रश्न असलाच तर तो मासा मारावा की मारू नये, हा आहे. तो एकदा सोडवला की बाकीचे दुकानदाराला विचारावे.

हे म्हणणे वरवर सरळ आहे, पण आम्हांला ते पटत नाही. मारावे की मारू नये या प्रश्नावर जगात एकमत झालेले नाही आणि होण्याचे चिन्हही नाही. दरम्यान माणसे मासे मारीतच आहेत, आणि ती कोणत्या साधनाने मारतात यावर बरेच काही अवलंबून असते: मासा किती वेळ तडफडतो, जखमी होऊन निसटतो की नाही, मारणाऱ्याला आपण काय केले ते दिसते की नाही. 'का' या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत 'कसे' हा प्रश्न तहकूब ठेवता येत नाही. किंबहुना पुष्कळांच्या बाबतीत नीती शिल्लक उरते ती 'कसे' या प्रश्नातच.

बाणाचा दोष कोणता, याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. दशरथाची कथा सर्वांना ठाऊक आहे. शरयूच्या काठी, अंधारात, पाण्यात घडा बुडत असल्याचा आवाज त्याने ऐकला. त्याला वाटले हत्ती पाणी पितो आहे. त्याचा नेम चुकला नाही. शब्दवेधी विद्येत तो तरबेज होता आणि बाण जेथे जायला हवा तेथेच गेला. चुकले ते निराळेच काही: आवाज आणि प्राणी यांच्यामधले अंतर त्याने स्वतःच्या कौशल्याने भरून काढले होते. या कथेत आम्हांला नेहमी विशेष वाटत आलेली गोष्ट बाण सुटल्यानंतरची आहे. हाक ऐकल्यावर राजा पाण्यापर्यंत चालत गेला. त्याने मुलाला पाहिले, त्याच्या सांगण्यावरून बाण उपसला, आणि घडा घेऊन आंधळ्या आईबापांकडे स्वतः गेला. त्याला कोणी ओढून नेले नव्हते. तो परतही फिरू शकला असता. रात्र होती आणि पाहणारे कोणी नव्हते. पुढचा शाप, पुत्रवियोग, सगळे रामायण त्या चालत जाण्यातून निघाले.

धनुष्याचा मोठेपणा आणि धोका एकच आहे: ते कर्त्याला कर्मापासून दूर उभे राहू देते. तलवारीला अंतर नसते. बाणाने अंतर दिले, बंदुकीने ते वाढविले, आणि आज तर एका खंडात बसून दुसऱ्या खंडात माणूस मारता येतो. अशा परिस्थितीत बाणाला दोरी बांधण्याची कल्पना आम्हांला विलक्षण वाटते. ज्याने ती प्रथम बांधली त्याच्या मनात नीती नसणार. त्याला बाण महाग पडत असेल आणि मासा हवा असेल. पण परिणाम असा झाला की दशरथ ज्या वाटेने आपखुशीने चालत गेला, ती वाट येथे दोरीच्या रूपाने हातात आली. पाण्याखाली जे घडले ते थरथर होऊन बोटांना कळते. मासा पाण्यातून वर येईपर्यंत आणि आपल्या डोळ्यांसमोर मरेपर्यंत प्रकरण संपत नाही.

अंदमानातील जारवांना अशा रिळाची गरज पडत नाही. ते उथळ पाण्यात उभे राहून तिरकमठ्याने मासे मारतात. मासा आणि माणूस यांच्यामधले अंतर दोनचार पावलांचे, आणि ती पावले टाकायची ती स्वतःच. कासवासाठी मात्र अंदमानी लोक दोर बांधलेला भाला वापरीत, कारण कासव खोल पाण्यात निघून जाते. म्हणजे दोरीची जरूर अंतरातून निर्माण होते. नावेच्या उंच फळीवर उभा राहून, विजेचे दिवे लावून नेम धरणाऱ्याला ती लागणारच.

येथे महाभारतातल्या मत्स्यभेदाची आठवण अपरिहार्य आहे. वास्तविक भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील द्रौपदीस्वयंवरात मासा नाही. अंतराळी टांगलेले यंत्र आहे आणि त्यातले लक्ष्य आहे. मासा आणि खालच्या पाण्यातले त्याचे प्रतिबिंब ही पुढची भर, पण लोकांच्या मनाने तीच धरून ठेवली. त्या कथेत अर्जुन पाण्यातल्या रूपावर विश्वास ठेवतो आणि वर बाण मारतो. मासे मारणाऱ्या तिरंदाजाला नेमके उलट करावे लागते. तो पाण्यात पाहतो आणि पाण्यातच मारतो, आणि त्याला दिसणाऱ्या रूपावर अविश्वास दाखवावा लागतो. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो. सरळ वरून पाहिले तर चार फूट खोलीवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा भासतो, आणि तिरकस पाहिले तर हा फरक आणखी वाढतो. म्हणून नेम माशावर न धरता त्याच्या खाली धरायचा. नवशिक्याचे बाण माशाच्या पाठीवरून जातात ते यामुळे, आणि कित्येकदा नुसते चाटून जातात. हे चाटून जाणे म्हणजे या छंदातले खरे पाप, असे आम्ही मानतो. मेलेल्या माशाचा निदान हिशेब असतो. शेपटीत बाण घेऊन तुटक्या दोरीसह चिखलात गेलेल्या माशाचा कोणी हिशेब ठेवीत नाही.

आता गळाकडे वळतो, कारण ज्याला तिरकमठ्याची नीती पाहायची आहे त्याला शेजारी गळ ठेवून पाहावे लागेल. या बाबतीत हैदराबादकर मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. येथून सोलापूरच्या वाटेवर हुमनाबादच्या पुढे बसवकल्याण लागते. १९५६ पर्यंत ते आपल्याच हैदराबाद संस्थानातले, बीदर जिल्ह्यातले गाव होते. ही चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात या त्यातील उल्लेखामुळे आपल्या वाङ्मयेतिहासात त्याचे नाव नेहमी येते. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे आणि ते गळाने मासे धरण्याविषयी आहे, हे ओवीच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानात नसते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे मत्स्यविद्येच्या जाणकारांचे लक्ष वेधले. आणि २००५ मध्ये नलिनी साधले व य. ल. नेने यांनी त्यातील मत्स्यविषयक भागाचा परामर्श सिकंदराबादेहून निघणाऱ्या 'एशियन ॲग्री-हिस्टरी' या नियतकालिकात घेतला. म्हणजे कल्याणीच्या राजाचा गळ हैदराबादच्या मराठी मंडळींनी पुन्हा पाण्याबाहेर काढला, असे गमतीने म्हणता येईल. असो.

सोमेश्वर माशांच्या जाती सांगतो, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, लहान आणि मोठे. त्यांना कोणते खाद्य आवडते ते सांगतो. दोरी, गळ आणि काठी यांचे वर्णन करतो. राजाचे निरीक्षण बारीक आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी जी युक्ती आहे ती खाऊ घालण्याची. आधी माशाला अन्नाची सवय लावायची, मग त्या अन्नात गळ लपवायचा. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मांस, आणि गळाला लावलेले मांस म्हणजेही आमिष. पुढे मराठीत हा शब्द लाच आणि भुलावण यांना लागला. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचारही फसलेल्या माणसासाठी आपण वापरतो. भाषेला यातले कपट आधीच कळलेले होते.

मग गळ आणि बाण यांत अधिक प्रामाणिक कोण? बाण कोणालाही खाऊ घालून विश्वासात घेत नाही. तो उघड येतो. या दृष्टीने तिरंदाज गळवाल्यापेक्षा सरळ म्हणावा लागेल, आणि आम्हां गळवाल्यांना हे मान्य करताना थोडे जड जाते. परंतु गळाकडे एक गोष्ट आहे जी बाणाकडे नाही. गळाला लागलेला मासा सोडून देता येतो. ओठातून काटा काढला, मासा पाण्यात धरून ठेवला, तर पुष्कळदा तो पोहत निघून जातो. कपटाने धरले तरी विचार बदलायला जागा राहते. बाणाने ती जागा ठेवलेली नाही. लहान मासा लागला, नको तो मासा लागला, अंड्यांनी भरलेली मादी लागली, तरी जे झाले ते झाले. सरळपणा आणि परतीची वाट या दोन्ही गोष्टी एका साधनात मिळत नाहीत. आणि रीळ कितीही चांगले घेतले तरी ते बाण परत आणते, माशाचा जीव परत आणीत नाही. आमच्या तरुण आप्ताचे वाक्य आम्हांला खटकले ते याच कारणाने.

सोमेश्वराने या प्रकरणाला 'विनोद' म्हटले आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथात शस्त्रांचा विनोद आहे, मृगयेचा आहे, तसा माशांचाही आहे. विनोद म्हणजे करमणूक, मनाचा विरंगुळा. आज आपण हा शब्द हसण्यापुरता ठेवला आहे, त्यामुळे 'मत्स्यविनोद' हे नाव कानाला विचित्र लागते. परंतु त्यातले खरे विचित्रपण जुन्या अर्थातच आहे. भूक नसताना, केवळ मनाला बरे वाटावे म्हणून जीव घ्यावा काय?

या शहरात दरसाल मृग लागतो तेव्हा नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर दम्याचे रोगी दूरदूरहून जमतात. बथिनी कुटुंबाकडून दिल्या जाणाऱ्या त्या 'मत्स्यप्रसादा'त औषध भरलेले मरळ माशाचे जिवंत पिलू रोग्याने गिळायचे असते. शाकाहारी माणसांना तेच औषध गुळातून मिळते. मरळ हा आता तेलंगणाचा राज्यमासा आहे. या औषधाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही, ही गोष्ट वेगळी. आम्ही त्याकडे येथे एवढ्यासाठी बोट दाखवतो की त्या मैदानावर हत्यार नाही, अंतर नाही आणि करमणूकही नाही. मासा माणसाच्या घशात वळवळत मरतो आणि त्याला मारणे असे कोणी म्हणत नाही, कारण गिळणारा श्वासासाठी तळमळत असतो. गरज, मग ती समजुतीची का असेना, कृत्याचा रंग बदलते. इलिनॉयच्या नदीवर रात्री दिवे लावून उभ्या असलेल्या, पोट भरलेल्या तरुणाला हा आधार नाही. त्याच्याजवळ फक्त विनोद आहे.

जैन आणि बौद्ध यांच्यात यावर एक जुना वाद झालेला आहे. पाली ग्रंथांतील उपाली गृहस्थाच्या सुत्तात निगंठांचे म्हणणे असे की शरीराने केलेले कर्म सर्वांत जड. बुद्धाचे म्हणणे असे की मनाने केलेले. आम्हांला कधी एक पक्ष बरोबर वाटतो, कधी दुसरा. परंतु माशाच्या बाजूने पाहिले तर निगंठांचे पारडे जड आहे हे कबूल केले पाहिजे. मारणाऱ्याच्या मनात काय होते याने माशाला फरक पडत नाही. वनपर्वातला धर्मव्याध या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. तो मिथिलेत मांस विकतो, स्वतः प्राणी मारीत नाही, स्वतः मांस खातही नाही, आणि ब्राह्मणाला सांगतो की नांगर धरणाराही जीव मारतोच. त्याचे बोलणे खोल आहे, तरीही आमच्या मनात नेहमी शंका येते की त्याच्या दुकानासाठी जो कोणी मारीत होता, त्याला हे प्रवचन ऐकायला मिळाले काय? धर्मव्याधाचे हात दूर होते. रिळाची दोरी हातात असलेल्या माणसाला तेवढी सवलत मिळत नाही.

आता निवडीकडे येऊ. प्रथम आम्ही असे मानून चाललो होतो की सर्वांत झपाट्याने ओढणारे रीळ दयाळू, कारण मासा लवकर वर येतो आणि लवकर संपतो. त्याच्या उलट असेही वाटे की हाताने गुंडाळायचे रीळ शहाणपणाचे, कारण ते माणसाला दमवते आणि पुढचा बाण घाईने सोडू देत नाही. म्हणजे माशाची सोय आणि माणसाचा संयम हे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. संयमाचे धडे आपण घ्यावेत आणि त्यांची किंमत तडफडणाऱ्या माशाने द्यावी, हे तर उघडच अन्यायाचे. या पेचात आम्ही बरेच दिवस होतो.

पेच सुटला तो यंत्राकडे पुन्हा नीट पाहिल्यावर. रिळाला लागणारा वेळ हा एक वेळ नाही. ते दोन आहेत. बाण लागल्यापासून मासा हाती येईपर्यंतचा एक, आणि मासा हाती आल्यापासून पुढचा बाण सोडायला सिद्ध होईपर्यंतचा दुसरा. पहिला माशाचा आहे. तो जितका थोडा तितका बरा. दुसरा माणसाचा आहे. तो लांबला तर कोणाचे काही बिघडत नाही. बंद तोंडाच्या रिळात दोन्ही वेळ थोडे असतात, आणि वर बटणाची धास्ती असते. भान हरपण्याच्या नेमक्या क्षणी जे यंत्र माणसाच्या स्मरणावर विसंबते, ते नवशिक्याच्या हाती देऊ नये; ही गोष्ट नीतीची कमी आणि डोळ्यांच्या सुरक्षिततेची अधिक आहे. बाटलीच्या रिळात दोरी चाकाने जरा सावकाश येते, पण ती आली की नेम धरायला माणूस लगेच मोकळा. हाताने गुंडाळायच्या कड्याची गोष्ट निराळी आहे. दोरी दोन्ही हातांनी सरसर ओढता येते, जवळच्या माशासाठी तर चाकाहूनही लवकर. वेळ जातो तो नंतर, पायाशी पडलेली ओली दोरी पुन्हा एकेक फेरा घालीत बसविण्यात. तेवढ्या वेळात मासा बाणावरून काढून त्याच्याकडे पाहावे लागते.

म्हणून आम्ही त्याला सर्वांत साधे, सर्वांत स्वस्त रीळ घ्यायला सांगितले. दोरी मात्र सर्वांत बळकट घे, तिच्यात कसूर नको, आणि हातमोजे घाल, नाहीतर तळहात कापतील, हेही सांगितले. त्याच्या घरच्यांनी हा सल्ला आमच्या चिक्कूपणाच्या खाती जमा केला असेल. त्याला इलाज नाही. या कड्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लांबच्या नेमाला ते उपयोगाचे नाही, आणि मोठा मासा उसळी घेऊन पळू लागला तर पायातली सैल दोरी घातक ठरते. याचा अर्थ आम्ही असा घेतो की लांबवर मारू नये आणि हाताने आवरणार नाही एवढ्या माशावर बाण सोडू नये. साधनाची मर्यादा ही कधी कधी कामाचीही मर्यादा ठरवू देते. दुकानदार याला दोष म्हणेल.

एवढ्यावर थांबता आले असते. परंतु आमच्या आप्ताने पुढे जे सांगितले त्याने विषय रिळाबाहेर नेला. तो म्हणाला की, तेथे मारतात ते मासे नकोसेच असतात. आशियातून आणलेले कार्प, त्यांनी नद्या भरून टाकल्या आहेत, मारले तर पुण्यच. यात तथ्य आहे. इलिनॉय नदीत चंदेरी कार्पने मांडलेला उच्छाद प्रसिद्ध आहे. आपल्याकडेही आफ्रिकी मागूर या परक्या माशाच्या संवर्धनाला बंदी घालावी लागली, कारण तो इतर मासे खाऊन टाकतो. परक्या माशाला आवर घालणे हे गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. आणि जो मासा मारला तो शिजवून खाल्ला जात असेल तर आमचा विरोध जवळजवळ मावळतो.

अडचण 'नकोसा' या शब्दात आहे. अमेरिकेत माशांचे जुने वर्ग आहेत: काही मासे मानाचे, त्यांना गळाने धरायचे, मोजमाप पाहायचे, सोडून द्यायचे, बाकीचे हलके. बाणाची मुभा बहुतांशी या हलक्या माशांपुरती. परंतु हलक्यांत परके कार्प जसे टाकलेले आहेत तसे त्या नद्यांचे मूळचे रहिवासीही आहेत. बफेलो नावाचा मोठ्या तोंडाचा मासा त्यांतलाच. तो कार्पसारखा दिसतो म्हणून कार्पच्या रांगेत बसवला गेला, आणि रात्रीच्या दिव्यांत मारला जाऊन पुष्कळदा न खाताच टाकून दिला जाऊ लागला. २०१९ मध्ये संशोधकांनी या जातीच्या माशांची वये तपासली, तेव्हा शंभरी ओलांडलेले मासे सापडले. एकाचे वय ११२ वर्षे भरले. हे वय माशाच्या कानातील खड्यावरच्या वलयांवरून मोजतात, झाडाचे मोजावे तसे, आणि तो खडा काढायचा तर मासा आधी मेलेला असावा लागतो.

येथे कोणत्याही रिळाचा उपयोग नाही. दोरी बाणामागून जाते, पुढे जात नाही. दशरथाने मुलाला पाहिले ते बाण लागल्यावर, आणि दिव्याच्या उजेडात पाठीची काळी रेघ पाहून बाण सोडणाराही मासा ओळखतो तो हातात आल्यावर. फरक बारीक आहे, पण आहे. साध्या कार्पला तोंडाच्या कडांशी मिशांच्या दोन जोड्या असतात. बफेलोला मिशा नसतात. चंदेरी कार्पला मिशा नाहीत, परंतु त्याचे डोळे तोंडाच्या पातळीखाली असतात आणि खवले अगदी बारीक. दिवसा, स्वच्छ आणि उथळ पाण्यात, थोडा वेळ थांबून पाहणाऱ्याला हे दिसते. रात्री, गढूळ पाण्यात, चालत्या नावेवरून ते दिसत नाही.